तू तरी खरं सांग

ताई, नमस्कार.

माझे वडील, अण्णा, ७२ वर्षांचे आहेत. एस.टी.च्या आगारात ३२ वर्षं मेकॅनिक होते. दिवाळीनंतर पोट बिघडलं, रक्त जायला लागलं, तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आणि तो लिव्हरपर्यंत गेलाय. डॉक्टरांनी दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, केबिनमध्ये बोलावून सांगितलं की पूर्ण बरं होणं कठीण आहे, केमोने वेळ मिळेल. वर्ष, जमलं तर दोन. दादाने बाहेर येऊन सगळ्यांना बजावलं, अण्णांच्या कानावर एक अक्षर जाता कामा नये, ते खचतील. त्यांना सांगितलंय की आतड्याला सूज आहे, सलाइनमधून औषध द्यावं लागेल. फॉर्मवर सही दादाने केली. फाइल त्याच्या गाडीच्या डिकीत असते. गोळ्यांची खोकी आम्ही बाहेरच टाकून येतो, पट्टीवरचं नाव वहिनी ब्लेडने खरवडते. आई मिक्सर लावून रडते.

गेल्या आठवड्यात मी माहेरी गेले होते. अण्णा पडवीत बसले होते. मला म्हणाले, "सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तू तरी खरं सांग, काय निघालंय?" मी म्हटलं, "काही नाही अण्णा, सूज आहे, उतरेल." त्यावर ते म्हणाले, "मग पोस्टात ते सात लाख पाच वर्षांसाठी ठेवून टाकतो." मी म्हटलं, "ठेवा की." त्या रात्रीपासून मला धड झोप नाही.

माझा मुलगा पुण्यात यूपीएससीचा अभ्यास करतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आई, ही आमच्या एथिक्सच्या पेपरातली केस स्टडी आहे. कांट म्हणेल खरं सांग. उपयुक्ततावादी म्हणतील, खोट्याने भलं होत असेल तर खोटं चालेल. तू ट्रॉली प्रॉब्लेम वाच." वाचला. त्या रुळांवरच्या पाच माणसांचा आणि माझ्या अण्णांचा काय संबंध, ते कळलं नाही. येत्या सोमवारी दुसरी केमो आहे. मी बोलले ते पाप की पुण्य? आणि आता काय करू?

एक लेक, कराडजवळून

* * *

नमस्कार.

आधी त्या ट्रॉलीचं उरकून घेऊ, म्हणजे डोक्यातून ते रूळ निघतील.

मुलावर रागावू नका. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३पासून नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर आला, २५० गुणांचा, आणि तेव्हापासून पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत जर्मन तत्त्वज्ञ कांट आणि उपयुक्ततावादी मिल वडापावच्या बरोबरीने खपतात. मी तालुक्याच्या कॉलेजात ३१ वर्षं तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलं. माझ्या वर्गात आठ पोरं असायची, त्यातली तीन एस.टी. चुकली म्हणून येऊन बसलेली. आता या विषयाला गिऱ्हाईक मिळालंय, मला बरंच वाटतं. मुलगा घाबरलाय आणि त्याला जे येतं ते तो बोलला, एवढंच त्या फोनचं.

ट्रॉलीचं कोडं ऑक्सफर्डच्या फिलिपा फूट यांनी १९६७ साली एका लेखात मांडलं. थांबवता न येणारी ट्राम, समोरच्या रुळावर पाच कामगार, बाजूच्या रुळावर एक. चालकाने ट्राम कुठे न्यावी? लेख मुळात गर्भपाताबद्दलचा होता, ट्राम त्यात उदाहरणापुरती आली होती. पुढे अमेरिकेतल्या ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी ट्रामची ट्रॉली केली, चालकाच्या जागी सांध्याच्या खटक्यापाशी उभा असलेला एक बघ्या आणला, पुलावरून ढकलून द्यायचा एक जाडा माणूस आणला, आणि कोडं जगभर गेलं. तुम्हाला संबंध कळला नाही म्हणता, तर तो फारसा नाहीच. त्या कोड्यात चालकाला थांबता येत नाही, कामगारांना उडी मारता येत नाही, कोणाला हाक मारायला सवड नाही, आणि त्या सहा जणांपैकी एकालाही कोणी विचारत नाही की बाबा, तुझं काय म्हणणं आहे. रचणाऱ्याने सगळ्या दारांना बाहेरून कड्या घातलेल्या असतात, नाहीतर कोडंच उभं राहत नाही. तुमच्याकडे ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो माणूस पडवीत बसलाय, शुद्धीत आहे, आणि स्वतःहून विचारतोय.

मुलाने कांटचं नाव घेतलं, तिथे मात्र थोडं थांबू. वरवर पाहिलं तर तुमचं कोडं त्याच्याच एका कोड्यासारखं वाटतं.

कांटने १७९७ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, एक छोटा निबंध लिहिला. तुमचा मित्र जीव वाचवायला तुमच्या घरात शिरलाय. मागोमाग मारेकरी दारात येतो आणि विचारतो, तो आत आहे का? कांट म्हणतो, इथेही खोटं बोलायचं नाही. हे वाचून दोनशे वर्षं लोक हात डोक्याला लावतायत. मला स्वतःला हा निष्कर्ष कधी पटला नाही आणि पोरांना पटवायचा प्रयत्नही मी केला नाही. पण त्यात कांटने एक शंका काढली आहे, ती मात्र डोक्यातून जात नाही. समजा तुम्ही थाप मारलीत, तो घरात नाही. आणि तेवढ्यात मित्र तुमच्या नकळत बाहेर पडला होता. मारेकरी तुमचं ऐकून मागे फिरला आणि रस्त्यात त्याला नेमका तोच सापडला. मग त्या मरणात तुमच्या थापेचा वाटा नाही का? थाप मारताना आपण समजतो की पुढचं सगळं आपल्या हातात आहे. तसं नसतं.

तुमच्या दादाच्या हातात काय काय आहे, मोजून पाहा. पट्टीवरचं नाव आहे, फाइल आहे, घरातल्यांची तोंडं आहेत. पण केमोच्या हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीवर सलाइन लावून बसलेला माणूस आहे, आणि तिथे लोक एकमेकांना वेळ जावा म्हणून विचारतात, "तुमचा कुठला? माझा फुप्फुसाचा." नर्स आहे. रक्त तपासणीच्या चिठ्ठीवर छापलेलं नाव आहे. भेटायला आलेले भावकीतले काका आहेत, जे दारातच म्हणतील, "धीर सोडू नका हो, आजकाल कॅन्सरवर फार औषधं निघालीत." आणि अण्णा ३२ वर्षं बॉनेट न उघडता आवाजावरून सांगत आलेत की बेअरिंग गेलंय. त्या माणसाला नाव खरवडलेली गोळी हातात दिली तर तो काय समजेल असं वाटतं तुम्हाला? मला वाटतं, अण्णांना बरंचसं कळलंय. त्यांना तुमच्याकडून आजाराचं नाव हवं होतं असं मला नाही वाटत. घरात अजून कोणी सरळ बोलतं का, ते ते पाहत होते.

आता मुलाला एक गोष्ट सांगा, त्याला पेपरात उपयोगी पडेल. कांटने तो निबंध लिहिला तो एका फ्रेंच लेखकाला उत्तर म्हणून. बेंजामिन कॉन्स्टँट त्याचं नाव. त्याने त्याच वर्षी लिहिलं होतं की खरं बोलणं हे कर्तव्य खरं, पण ते फक्त त्याच्यापुरतं, ज्याचा त्या सत्यावर हक्क आहे. मारेकऱ्याचा तसा हक्क नाही, त्याला खुशाल थाप मारा. आपण बहुतेक सगळे मनातून कॉन्स्टँटच्याच बाजूचे असतो. दादाही असेल. आणि म्हणूनच त्याला वाटतं की कांट विरुद्ध व्यवहार या भांडणात व्यवहार जिंकला की खोटं बोलायची परवानगी मिळाली.

पण कॉन्स्टँटची कसोटी तुमच्या घराला लावून पाहा. आतडं कोणाचं? लिव्हर कोणाचं? उरलेलं वर्ष कोणाचं? त्या सत्यावर अण्णांच्या आधी कोणाचा हक्क लागतो? दारातल्या मारेकऱ्यासाठी राखून ठेवलेली सवलत आपण घरमालकाला लावतोय. खोटं बोलायला मुभा देणाऱ्या माणसाकडे गेलो, तर तोसुद्धा इथे मुभा देत नाही. तुमच्या मुलाने केसचा नंबर बरोबर सांगितला, पण अण्णांना चुकीच्या भूमिकेत उभं केलं.

हे फक्त युरोपातलं आहे असंही नाही. कर्णपर्वातली कौशिकाची गोष्ट घ्या. नदीच्या संगमाजवळ राहणारा हा तपस्वी, नेहमी खरंच बोलायचं हे त्याचं व्रत. लुटारूंना भिऊन काही लोक रानात लपले. लुटारूंनी कौशिकाला विचारलं आणि त्याने बोट दाखवलं. माणसं मारली गेली आणि सत्यव्रती कौशिक नरकात गेला. तुमच्या घरात कोणी कीर्तन ऐकणारं असेल तर दादाच्या बाजूने हीच गोष्ट पुढे येईल, बघा महाभारतही सांगतं, खऱ्याने जीव जात असेल तर खोटं बोलावं. बरोबर आहे. पण तिथेही विचारणारे लुटारू आहेत. शिवाय ही गोष्ट कृष्णाने कोणाला आणि कधी सांगितली, ते सहसा कोणी सांगत नाही, आणि मजा तिथेच आहे.

कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत चिडून अर्जुनाला म्हणतो, तुला जमत नसेल तर तुझं गांडीव दुसऱ्या कोणाला तरी दे. अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा अशी की गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचं डोकं उडवायचं. तो तलवार उपसतो. इकडे आड तिकडे विहीर: प्रतिज्ञा मोडावी की थोरल्या भावाला मारावं? कृष्ण त्याला आधी झापतो, मग कौशिकाची गोष्ट सांगतो, आणि मग तोडगा काढतो. म्हणतो, वडीलधाऱ्याला अरे-तुरे केलं की तो मेल्यासारखाच. तू युधिष्ठिराला एकदा 'तू' म्हण. अर्जुन भावाला अरे-तुरे करून वाट्टेल ते बोलतो. नंतर त्या अपराधाने स्वतःचंच डोकं उडवायला निघतो. कृष्ण म्हणतो, स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करणं ही आत्महत्याच, तर घे, कर स्तुती. ऐन युद्धात हा प्रकार चाललाय! वर्गात ही गोष्ट सांगितली की एस.टी. चुकलेली पोरंसुद्धा हसायची. मला त्यातलं आवडतं ते हे की समोर दोनच रस्ते आहेत असं अर्जुनाने ठरवून टाकलेलं असतं आणि कृष्ण ते मान्यच करत नाही.

"सांगायचं की लपवायचं" हा तुमचा प्रश्नही तसाच आहे. सांगायचं म्हणजे दादा जे केबिनमध्ये ऐकून आला ते सगळं अण्णांच्या अंगावर ओतायचं. लपवायचं म्हणजे ब्लेड. मधली वाट अशी की अण्णांनाच विचारायचं: तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?

ही माझी कल्पना नाही. वाईट बातमी कशी सांगावी याची सहा पायऱ्यांची एक पद्धत २०००च्या सुमारास अमेरिका-कॅनडातल्या डॉक्टरांनी मांडली, आता ती वैद्यकीय शिक्षणात बऱ्याच ठिकाणी असते. आधी शांत जागा, मग पेशंटला स्वतःला काय वाटतंय ते विचारणं, मग त्याला किती ऐकायचंय ते विचारणं, आणि प्रत्यक्ष बातमी त्यानंतर, चौथ्या पायरीवर. दादाने घाईत तीन पायऱ्या ओलांडल्या आणि चौथीवर कुलूप लावलं. यात न ऐकण्याचीही सोय आहे. १९९७ साली युरोपातल्या देशांनी स्पेनमध्ये ओव्हिएदो इथे एक करार केला. त्यात स्वतःच्या प्रकृतीबद्दल जाणून घ्यायचा हक्क लिहिलाय आणि लगेच पुढे असंही की एखाद्याला जाणून घ्यायचं नसेल तर त्याच्या इच्छेचा मान राखावा. अण्णा म्हणू शकतात, "मला नको सांगूस, दादा बघून घेईल." मग विषय संपला, आणि तुमचं मौनही मग अण्णांच्या मर्जीचं असेल. आज ते दादाच्या मर्जीचं आहे.

दादाला खलनायक करू नका. तो करतोय ते एके काळी डॉक्टरच करत होते. १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातल्या दोनशेहून जास्त डॉक्टरांना विचारलं, तर त्यातल्या सुमारे ९० टक्क्यांनी सांगितलं की कॅन्सरच्या पेशंटला सांगणं आम्ही टाळतो. सांगितलं तर माणूस खचतो, हेच कारण. पाहणी करणाऱ्याला आढळलं की या समजुतीला अनुभवाचा आधार फारसा नव्हता, डॉक्टरांच्या स्वतःच्या भावनाच जास्त होत्या. १९७९ साली छापून आलेल्या पाहणीत तीच प्रश्नावली अमेरिकेतच पुन्हा दिली होती, तेव्हा ९७ टक्के म्हणाले, आम्ही सांगतो. अठरा वर्षांत माणसं काही जास्त खंबीर झाली नव्हती. आपल्याकडे दुखणं एकट्याचं नसतं, घराचं असतं, हे मला माहीत आहे आणि त्यात मला वाईट काही दिसत नाही. पण मग अण्णाही त्याच घरातले ना? सगळ्या घराला माहीत आणि ज्याला झालंय तो एकटा बाहेर, याला घराचं दुखणं कसं म्हणायचं?

सहीबद्दलही दादाशी बोला. २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटलंय की सज्ञान, स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या पेशंटची संमती त्याचीच हवी. त्या प्रकरणात भूल दिलेल्या बाईंच्या आईची संमती न्यायालयाने मानली नाही, कारण जिवावरची घाई नव्हती. तुमच्या डॉक्टरांना हे माहीत असणार. म्हणून तुम्ही दोघं भावंडं त्यांच्याकडे गेलात तर बहुतेक त्यांना सुटल्यासारखंच वाटेल.

आता माझं थोडं. माझे वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या वेळी आम्हीही लपवलं, आणि त्यात मी पुढे होते, नीतिशास्त्राची प्राध्यापक. त्यांना एकदा पायी पंढरपूरला जायचं होतं. श्रावणात दुखणं निघालं. ते म्हणाले, "कार्तिकीला जाऊन येऊ का?" मी म्हटलं, "आता कशाला दगदग, पुढच्या आषाढीला सगळेच जाऊ." कार्तिकीत त्यांचे पाय धड होते. फाल्गुनात अंथरूण धरलं. ते खचू नयेत म्हणून आम्ही लपवलं, आणि त्यांचं होतं नव्हतं ते कॅलेंडर माझ्या हाताने फाडलं. पोस्टाचं वाचल्यावर मला हे आठवलं. पोस्टातले पैसे कुठे जात नाहीत, ठेवीदार मध्ये गेला तर वारसाला मिळतात, त्याची काळजी नको. पण पाच वर्षं आहेत असं समजून अण्णा अजून काय काय पुढे ढकलतायत, ते तुम्हाला माहीत आहे का? मला वडिलांचं माहीत नव्हतं.

म्हणून आधी दादा. त्याच्या पाठीमागे अण्णांना सांगू नका, कितीही वाटलं तरी. केबिनमधलं ते एकट्याने ऐकून बाहेर आलेला तो आहे, आणि तेव्हापासून एकट्याने गाडी चालवतोय. त्याला नियम सांगायला जाऊ नका, कांट तर अजिबात नको. फक्त पडवीतलं सांगा, अण्णांनी काय विचारलं, तुम्ही काय बोललात, पोस्टाचं काय झालं. आणि मग विचारा, "दादा, उद्या तुला असं झालं तर आम्ही पट्ट्या खरवडलेल्या चालतील का?" वहिनीलाही विचारा, ब्लेड तिच्याच हातात आहे. तो एका बसणीत ऐकणार नाही. ऐकला नाही तर डॉक्टरांकडे दोघं जा.

अण्णांशी बोलायचं तेव्हा सकाळची वेळ धरा, केमोच्या दुसऱ्या दिवशी नको. टी.व्ही. बंद. आई जवळ असू दे, मिक्सर नको. सुरुवात तुमच्यापासून करा: "अण्णा, परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुम्हाला पुरतं सांगितलं नाही. मला भीती वाटली." एवढ्यावर थांबा. ते काय बोलतात ते ऐका. मग विचारा, "तुम्हाला काय वाटतंय, काय झालं असेल?" बहुतेक ते स्वतःच तो शब्द बोलतील. नाही बोलले, तर विचारा, सगळं समजून घ्यायचंय की दादावर सोपवायचंय. सांग म्हणाले तर कॅन्सर हा शब्द एकदा सरळ वापरा, 'गाठ' आणि 'सूज' यांच्या मागे लपू नका. वर्ष-दोन वर्षांचा आकडा तुम्ही काढू नका. तो सरासरीचा असतो, अण्णांच्या नावचा नसतो, आणि त्यांनी विचारलाच तर डॉक्टरांनी सांगावा. ते गप्प बसले तर बसू द्या. ती शांतता भरून काढायला "काही होणार नाही अण्णा" म्हणालात की पुन्हा सगळं पडवीपाशी येईल. त्यांना बहुतेक दोन गोष्टी विचारायच्या असतील, दुखेल का आणि तुमच्या आईचं काय. दुखण्यावर आज चांगली औषधं आहेत, तोंडाने घ्यायचं मॉर्फिनसुद्धा, आणि वेदनाशमनाचे वेगळे डॉक्टर असतात. हे आधी विचारून ठेवा, म्हणजे तेव्हा हाताशी उत्तर असेल.

राहिलं पाप-पुण्य.

द्रोणपर्वात द्रोणाचार्यांना भीम ओरडून सांगतो, अश्वत्थामा मारला गेला. द्रोणांचा विश्वास बसत नाही. ते युधिष्ठिराकडे जातात आणि त्यालाच विचारतात, कारण हा एक खोटं बोलणार नाही. सगळ्या रणांगणात एक माणूस निवडून. 'नरो वा कुंजरो वा' आपण आज कोणी गुळमुळीत बोललं की चेष्टेने म्हणतो, पण मला त्यातलं हे निवडणं जास्त लागतं. तुमचे अण्णा दादाकडे गेले नाहीत, वहिनीकडे नाहीत, आईकडे नाहीत. तू तरी, म्हणाले. युधिष्ठिराने हत्ती हा शब्द पुटपुटला, तांत्रिकदृष्ट्या तो खोटंही बोलला नाही, सल्ला खुद्द कृष्णाचा होता, आणि पुढे युद्धही जिंकलं. तरी तोवर जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आणि अगदी शेवटी, स्वर्गात पोचल्यावर, त्याला थोडा वेळ नरक दाखवला गेला, याच फसवणुकीचं कारण देऊन. व्यासांनी हिशेब माफ केला नाही आणि त्याला नरकात ठेवलंही नाही.

तुमच्याबाबतीत मीही तेवढंच म्हणेन. तुम्ही ते घाबरून बोललात, प्रेमाने बोललात, आणि ज्याने विश्वास टाकला त्याला फसवलंत, तिन्ही एकाच वाक्यात. झोप उडाली ती तिसऱ्यामुळे. ती उडालीच नसती तर मला जास्त काळजी वाटली असती. अण्णांना हे सगळं उलगडून सांगत बसू नका. "मी पुरतं सांगितलं नाही" एवढं त्यांना पुरेल. मेकॅनिक माणूस आहे, चूक दुरुस्त केली की तो परत परत बॉनेट उघडत नाही.

दादाशी बोलणं जमलं, तर सोमवारी निघताना फाइल डिकीतून काढून मागच्या सीटवर, अण्णांच्या शेजारी ठेवा. उघडायची की नाही ते त्यांचं ते ठरवतील. आणि चष्मा विसरू नका त्यांचा.